बाटली काळी होईपर्यंत

(राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्या पुण्यस्मरणानिमित्त सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राष्ट्रसंतांच्या पुण्यस्मरणाला बोलायचं म्हणजे ग्रामगीतेवर बोलायचं, असा प्रघात आहे. तो मी मोडतो आहे, पण फार लांब जात नाही. महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारला आणि तिथून गावोगाव सेवक निघाले. हे सेवक गावात आले की आधी झाडू हातात घ्यायचे. खंजेरी नंतर निघायची. कामाचा हा क्रम आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. गावात जो दुसऱ्याला काही शिकवायला उभा राहतो, त्या स्वयंसेवकाला आधी काय शिकवावं, हा माझा आजचा विषय आहे आणि त्याचा या क्रमाशी जवळचा संबंध आहे.

सिहोरा हे बावनथडी आणि वैनगंगेच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. तुमसर-बपेरा रस्त्यावरचं, पुढे नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा. इतक्या टोकाला असूनही आपल्याकडे प्रशिक्षणांचा दुष्काळ नाही. आशाताईंचं होतं, बचत गटांचं होतं, जलसुरक्षकांचं होतं, ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाच्या स्वयंसेवकांचं होतं, आपत्ती व्यवस्थापनाचं होतं, रोवणीआधी कृषी विभागाचं होतं. वर्षभरात एकाच बाईची चार-पाच हजेरीपटांवर सही असते. आणि तिला विचारा, बाई, त्यातलं काय करता येतं? ती हसते. चहा चांगला होता म्हणते.

हे प्रशिक्षण कसं चालतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. नोंदणी, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, प्रास्ताविक यात बारा वाजतात. मग पडद्यावर अक्षरं येतात. खिडकीतून ऊन येत असतं, त्यामुळे अक्षरं दिसत नाहीत, म्हणून साहेब ती वाचून दाखवतात. जेवणानंतर मागच्या दोन रांगा पेंगतात. चारची बस पकडायची असते म्हणून साडेतीनला प्रमाणपत्रं वाटतात. शंका कोणाला आहे का, असं विचारलं जातं, कोणाला नसते. बॅनरसमोर फोटो निघतो. तो फोटोच अहवालाला जोडतात.

यात कोणा एका माणसाचा दोष काढण्यात अर्थ नाही. जो बोलतो त्याला बोलायलाच शिकवलेलं असतं. आपण स्वयंसेवक तयार करतो म्हणजे काय करतो? त्याला विषयाची माहिती देतो, पुस्तिका देतो, आवाज मोठा ठेव, आत्मविश्वासाने बोल, मधे एक गोष्ट सांग, असं सुचवतो. झाला प्रशिक्षक. माझं म्हणणं असं की त्याला सगळ्यात आधी शिकवायला हवं ते समोरच्या माणसाचे हात बघायला. तोंड कसं चालवायचं ते पुढे आपोआप येतं, आणि नाही आलं तरी फारसं अडत नाही.

इथे बसलेल्या बहुतेक शिक्षकांनी निवडणुकीचं काम केलंय. मतदान सुरू होण्याआधी अभिरूप मतदान घ्यायचं, किमान ५० मतं टाकून बघायची, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणं त्याच क्रमाने दाबायची. ऐकायला इतकं सोपं की सभागृहात कोणी वहीतही लिहून घेत नाही. पण मतदानाच्या दिवशी पहाटे, उमेदवारांचे एजंट समोर उभे असताना, ज्याने ते यंत्र कधी स्वतः उघडलेलं नसतं त्याचं बोट तिसऱ्या बटणापाशी अडखळतं. अभिरूप मतं न पुसताच खरं मतदान सुरू झाल्याचे प्रकार देशात घडलेले आहेत. त्या केंद्राध्यक्षाला माहिती नव्हती असं कोण म्हणेल? बोटाला सवय नव्हती.

आता जरा नदीच्या वाटेने खाली जाऊ. आपली वैनगंगा इथून गडचिरोलीकडे जाते. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. खेड्यातली तान्ही बाळं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनियाचा संशय घ्यायला फार मोठं यंत्र लागत नाही, बाळ मिनिटाला किती वेळा श्वास घेतं ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त, तर धोका. बाळाजवळ वेळेवर कोण असतं? गावातली दाई. आणि दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं.

इथे दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे दाईला आकडे शिकवायचा वर्ग काढायचा आणि ती शिकली नाही की अडाणी म्हणून सोडून द्यायचं. सर्चने दुसरा घेतला. एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ घेतलं आणि त्याच्या जोडीला मण्यांच्या दोन ओळी लावल्या, एक तान्ह्या बाळासाठी आणि एक त्याहून मोठ्या बाळासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया असू शकतो. दहापर्यंत मोजणं दाईला येत होतं. जे येत होतं त्यावरच सगळं उभं केलं. त्या साधनाला ब्रेथ काउंटर असं नाव मिळालं.

पुढे याच गडचिरोलीत ३९ गावांमध्ये थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन, ताप, श्वास, अंगावरचं पिणं हे सगळं त्या घरी जाऊन बघायच्या, आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर सुरू झाली. ताई, तुम्ही बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाता ना, त्याचं मूळ वैनगंगेच्या खालच्या अंगाला आहे.

मला यात प्रशिक्षकासाठीचा धडा दिसतो तो वाळूच्या घड्याळात. कार्यशाळा आखताना आपण विषयापासून सुरुवात करतो: पाण्याचं महत्त्व, पाण्याचे स्रोत, दूषित पाण्याचे दुष्परिणाम. त्याऐवजी असं विचारावं की परवा ही बाई घरी गेल्यावर नेमकी कोणती गोष्ट हाताने करणार आहे, आणि ती करताना तिचं कुठे अडेल? हे दोन प्रश्न धरून बसलं तर अर्धी भाषणं आपोआप गळतात. तशी गळू द्यायला धीर लागतो, कारण भाषण पाठ झालेलं असतं आणि पाठ झालेलं टाकवत नाही.

दुसरं उदाहरण धानाचंच आहे. तपकिरी तुडतुडा म्हटलं की इथल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. बांधीत मधेच गोल चट्टा जळाल्यासारखा दिसतो आणि आठवड्यात तो पसरतो. इंडोनेशियात हाच तुडतुडा एवढा माजला होता की १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. बंदी कीटकनाशकांवर! कारण फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक मरत होते आणि तुडतुडा मोकाट सुटत होता. आता हे लाखो शेतकऱ्यांना पटवायचं कसं? पत्रकं छापून? १९८९ पासून तिथे जी पद्धत सुरू झाली तिला आपल्याकडे कृषी विभाग शेतीशाळा म्हणतो. नाव आपल्याला माहीत आहे. पद्धत मात्र येता येता वाटेत बरीच सांडली.

मूळ शेतीशाळेत पंचवीसेक शेतकरी हंगामभर, दर आठवड्याला एकदा, सकाळी बांधीत उतरतात. चार-पाच जणांचे गट पडतात. प्रत्येक गट ठरावीक चुडांजवळ बसून कीड मोजतो, कोळी मोजतो, फुटवे मोजतो, पाणी बघतो. मग बांधावर मोठ्या कागदावर त्याचं चित्र काढतो: मधे धानाचं झाड, एका बाजूला त्याला खाणारे, दुसऱ्या बाजूला त्या खाणाऱ्यांना खाणारे. चित्र दाखवून गट सांगतो, या आठवड्यात फवारायचं की नाही. बाकीचे गट त्याला धारेवर धरतात. काही जण बरणीत तुडतुडे आणि कोळी एकत्र ठेवून, वर कापड बांधून, दुसऱ्या दिवशी काय उरलं ते बघतात.

मार्गदर्शक काय करतो? कोणी किडा उचलून आणला आणि विचारलं, साहेब, हा कोणता, तर नाव सांगत नाही. उलट विचारतो: कुठे सापडला? पानावर की बुंध्याशी? किती होते? काय करत होते? पहिल्या आठवड्यात शेतकरी चिडतात. याला येत नाही म्हणून आपल्याला विचारतो, असं त्यांना वाटतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते एकमेकांना विचारू लागतात. आणि हा मार्गदर्शक तयार कसा होतो? त्याला स्वतःला एक पूर्ण हंगाम, पेरणीपासून कापणीपर्यंत, बांधीत काढावा लागतो. आपण पिकवायचं, आपण मोजायचं, आपल्याला उत्तर मिळालं नाही म्हणून आपणही आधी चिडायचं. हे ज्याने भोगलं नाही त्याला दुसऱ्याच्या प्रश्नावर गप्प बसणं जमत नाही.

परीक्षाही त्यांनी मजेची काढली. कागदावर प्रश्न नाहीत. शेतात जागोजाग पाट्या लावायच्या, दोरीने एखादं खरं पान, खरी कीड, खरा रोगट फुटवा दाखवायचा आणि खाली तीन पर्यायांच्या तीन पेट्या. शेतकऱ्याने बघायचं आणि आपली चिठ्ठी पेटीत टाकायची. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. लिहिता न येणाऱ्यालाही ही परीक्षा देता येते आणि गादमाशीचा पोंगा त्याला ओळखता आला की नाही ते लगेच कळतं. आपल्याकडे परीक्षा म्हणजे ‘प्रशिक्षण कसे वाटले’ असा फॉर्म. त्यात ‘अतिशय चांगले’ला खूण करण्याची आपल्या लोकांची सभ्यता जगात कुठे नसेल.

आता वाटेत काय सांडतं त्याकडे येतो. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत संपूर्ण साक्षरता मोहिमा झाल्या. हजारो स्वयंसेवक हवे होते, तेही थोड्या महिन्यांत. म्हणून पायऱ्या केल्या: वर थोडे मुख्य प्रशिक्षक, त्यांनी मधले साधन व्यक्ती शिकवायचे, त्यांनी गावचे स्वयंसेवक शिकवायचे. मोहिमेने फार मोठं काम केलं, घराघरातली पोरं कंदील घेऊन बायाबापड्यांना शिकवायला बसली, ते नाकारायचं नाही. पण पायऱ्यांची ती रचना आपण उचलली आणि प्रत्येक योजनेत वापरू लागलो, आणि तिच्यातला धोका मात्र कोणी ओळखला नाही. वरच्या पायरीवर तीन दिवस असतात, मधल्या पायरीवर दोन, खालच्या पायरीवर एक. दिवस कापला की आधी काय जातं? सराव जातो. मग प्रश्नोत्तरं जातात. भाषण मात्र शाबूत राहतं, कारण ते कमी वेळात बसतं. म्हणजे ज्या बाईला प्रत्यक्ष हाताने काम करायचंय तिच्यापर्यंत फक्त भाषण पोचतं.

हे टाळायचं कसं, याचं उत्तर आषाढात तुमच्या बांधीत दरवर्षी दिसतं. नव्या पोरीला रोवणीला नेतात तेव्हा धुऱ्यावर बसवून तिला रोवणीची माहिती देत नाहीत. चिखलात उतरवतात आणि दोन जुन्या बायांच्या मधे उभी करतात. डावीकडचीचा हात दिसतो, उजवीकडचीचाही दिसतो. पऱ्ह्यांची जुडी कशी धरायची, किती काड्या एका ठिकाणी, अंगठा किती खोल, हे तिला सांगावं लागत नाही. ती मागे पडली तर शेजारची दोन चूड तिच्या हिश्शाचे लावते आणि पुढे सरकते. कोणी तिची फजिती करत नाही, कोणी तिचं कौतुकही करत नाही. दुपारपर्यंत तिची ओळ सरळ यायला लागते. आपले स्वयंसेवक असेच तयार व्हायला हवेत. नव्याला एकट्याला गावात पाठवू नका. दोन जुन्यांच्या मधे उभा करा. पहिल्या कार्यशाळेत त्याच्याकडे दहा मिनिटांचा एकच तुकडा, दुसरीत अर्धा तास, मग एक सत्र.

इतकं बोलून झाल्यावर मी काही दाखवलं नाही तर मीही त्या पडद्यावाल्यांतलाच. म्हणून एक कार्यशाळा तुमच्यासमोर उलगडतो. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं असतं. फील्ड टेस्ट किटची पेटी ग्रामपंचायतीत येते. तिच्यात रसायनांच्या छोट्या बाटल्या, परीक्षानळ्या, रंगपट्ट्या असतात. आणि जिवाणू तपासायची एक वेगळी बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जिवाणू असण्याचा धोका आहे. काळं झालं नाही तर ठीक.

आता सांगा, एका दिवसाच्या कार्यशाळेत ही बाटली कशी शिकवणार? सकाळी भरली तर चार वाजेपर्यंत काही होत नाही. मग शिकवणारा म्हणतो, उद्या-परवा ती काळी पडेल. बायका मान डोलावतात. संपलं. जी गोष्ट डोळ्यांनी बघायची होती ती ऐकण्यावर गेली. म्हणून या प्रशिक्षणाचा कालावधी साहेबांच्या सोयीने ठरवायचा नाही, बाटलीच्या सोयीने ठरवायचा. पहिली भेट झाली की दुसरी दोन दिवसांनी, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या. बायकांनाही ते सोयीचं, सकाळचं घरचं उरकून येता येतं.

पहिल्या भेटीला प्रत्येकीने आपण पितो तेच पाणी घरून आणायचं. विहिरीचं, हातपंपाचं, नळाचं. आधी विचारायचं, पाणी चांगलं की वाईट हे तुम्ही कसं ओळखता? इथे स्वयंसेवकाने तोंड बंद ठेवायचं. उत्तरं येतात: साफ दिसतं, गोड लागतं, दाळ लवकर शिजते, आमचा सासरा ऐंशी वर्षं हेच प्यायला. ही सगळी उत्तरं फळ्यावर लिहायची, कुठलंही खोडायचं नाही. मोठं माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्या डोक्यात आधी जे आहे ते बाहेर मांडलं नाही तर आपलं सांगणं त्याच्या वर बसतं आणि घरी जाईपर्यंत घसरून पडतं.

मग बाटल्या. एकीला एक. इथे काटकसर केली की सगळं बिघडतं. पाच जणींत एक बाटली दिली तर ती सरपंचाच्या सुनेच्या हातात जाते आणि बाकीच्या बघतात. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, एवढी एकच गोष्ट आधी करून दाखवायची, बोलून नाही. बाटलीवर नाव लिहायचं नाही, नंबर टाकायचा. का ते सांगतो. परवा ज्या विहिरीची बाटली काळी होईल ती विहीर कोणाच्या घरची, कोणत्या मोहल्ल्यातली, हे चारचौघांत उघड झालं तर पाण्याची चर्चा राहते बाजूला आणि विहिरीच्या मालकाशी भांडण होतं. त्यात जात शिरायला वेळ लागत नाही. जिचा नंबर तिला माहीत असतो, तेवढं पुरे.

स्वयंसेवकाला या वेळी माझी एकच सूचना असते: दोन्ही हात पाठीमागे बांधून फिर. एखादी बाई चुकली की आपला हात पुढे जातो, “द्या इकडे ताई, मी करून देतो” म्हणतो, आणि तिचं शिकणं आपण हिसकावून घेतो. सासू-सून एकाच कार्यशाळेत असतात तेव्हा तर हे फार सांभाळावं लागतं. सून सासूची चूक दाखवू शकत नाही, आणि बाहेरून आलेल्या पोराने दाखवली तर सासूबाई दुसऱ्या भेटीला येत नाहीत. चूक बाटलीलाच सांगू द्यावी. कोणी उकळलेलं पाणी आणून झाकणाच्या आत बोट लावलं असेल तर तेही काळं होऊ शकतं, आणि मग आपोआप प्रश्न निघतो, असं कसं जी, मी तं उकळून आणलं होतं!

दुसऱ्या भेटीला बाटल्या एका ओळीत मांडायच्या आणि कोणी काही बोलायचं नाही. काळ्या पडलेल्या बाटल्यांत एखादं पाणी असं असतं जे परवा सगळ्यांत साफ दिसत होतं. फळ्यावरची ‘साफ दिसतं’, ‘गोड लागतं’ ही वाक्यं अजून तिथेच असतात. त्यांच्याकडे बायका स्वतःच बघतात. इथून पुढे टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किती, क्लोरीन बघायच्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग आला नाही तर जलसुरक्षकाला काय विचारायचं, हे शिकवायला अर्धा तास पुरतो, कारण आता त्यांनाच ते हवं असतं. आणि काळ्या बाटल्या तशाच नालीत ओतायच्या नाहीत, ब्लीचिंग घालून, थांबून, मग टाकायच्या. हेही त्यांच्याच हाताने.

ही कार्यशाळा घेणारा स्वयंसेवक तयार करायचा तर त्याला वरचं सगळं सांगून भागणार नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्याकडून तालीम करून घ्यावी लागते. दहा-बारा स्वयंसेवक बसवा. एकाने दहा मिनिटांचा तुकडा घ्यायचा, बाकीच्यांनी गाव व्हायचं. एकजण मोबाइलवर बोलणारा, एकीच्या मांडीवर रडणारं पोर, एकजण प्रत्येक गोष्ट आधीच माहीत असलेला. असा माणूस प्रत्येक गावात असतोच आणि पहिल्या रांगेत बसतो. त्याला गप्प करायचा उत्तम उपाय म्हणजे बाटल्यांवर नंबर टाकायचं काम त्याला देणं.

दहा मिनिटं झाली की आधी ज्याने घेतलं त्याने सांगायचं, काय जमलं आणि कुठे गाडी अडली. मग बाकीच्यांनी. पण ‘छान झालं’, ‘आवाज चांगला आहे’ हे चालणार नाही. ‘तू बाटली दाखवलीस तेव्हा मला तुझा हातच दिसला नाही’, ‘तू प्रश्न विचारलास आणि उत्तर पण तूच दिलंस’, असं जे घडलं ते सांगायचं. यात आपल्याकडे एक अडचण येते. वयाने मोठ्या माणसाला धाकट्याने असं सांगायचं नसतं. म्हणून मी सुरुवातीलाच सगळ्यात मोठ्याला, शक्य असल्यास मुख्याध्यापकांनाच, पहिला तुकडा घ्यायला लावतो. त्यांनी हसून ऐकून घेतलं की पोरांना धीर येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवशी तोच तुकडा पुन्हा घ्यायचा. लोक सूचना देतात आणि चहाला उठतात. दुसऱ्यांदा करायची संधी मिळाली नाही तर सूचना म्हणजे नुसता अपमान.

मोठ्या प्रमाणावर हे शक्य आहे का, असं कोणी विचारेल. पानी फाउंडेशनने २०१६ साली वॉटर कप स्पर्धा सुरू केली ती तीन तालुक्यांत, त्यात आपल्या विदर्भातला वरूड होता. २०१८ साली स्पर्धा ७५ तालुक्यांत गेली. दरवेळी गावातून पाच जण निवासी शिबिराला जायचे. तिथे पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या हायड्रोमार्करने उतारावर समपातळीची रेघ आखायची आणि मग स्वतः चर खणायचा. नंतर गावात जाऊन त्यांनाच इतरांना शिकवायचं असायचं. आधीच्या वर्षी शिकून गेलेली माणसं पुढच्या वर्षी शिकवायला उभी राहिली. त्या कामाच्या तांत्रिक बाजूवर मतभेद आहेत, पाणलोटाचे अभ्यासक घाईबद्दल बोललेलेही आहेत, आणि ते ऐकण्यासारखं आहे. पण गावातला माणूस गावाला शिकवू शकतो याविषयी आता कोणाला शंका राहू नये.

राहता राहिला पाठपुरावा, आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावांनी निवडून दिलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. एका शिबिरात शिकवून त्यांना सोडून दिलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या-झोपायच्या, आठवड्यात गावात काय घडलं ते सांगायच्या, आणि त्यातूनच त्या आठवड्याचा धडा निघायचा. कोणाच्या गावात जुलाबाची साथ, तर सगळ्यांचा विषय जुलाब. वर्षानुवर्षं. दर आठवड्याला आपल्याला जमणार नाही. महिन्याला एकदा, तुमसरच्या बाजाराला जायचंच असतं, त्या दिवशी तासभर बसता येईल. त्या तासाला एकच प्रश्न: मागच्या महिन्यात तुझ्या हाताने काय केलंस? जिने काहीच केलं नाही तिला रागवायचं नाही, काय अडलं ते विचारायचं. पुष्कळदा उत्तर अगदी साधं निघतं. पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे आणि चावी ग्रामसेवकांकडे.

आता पैशाचं. दोन अर्ध्या दिवसांना बॅनर लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, बाहेरचा पाहुणाही लागत नाही. जिल्हा परिषद शाळेची एखादी मोकळी खोली पुरते. चहा-पोहे बचत गटाकडून घ्यावेत आणि त्याचे पैसे त्यांना रोख द्यावेत, सेवा म्हणून फुकट मागू नयेत. खरा खर्च आहे तो बाटल्यांचा, आणि तो ग्रामपंचायतीने पाण्याच्या खर्चात दाखवावा अशी माझी सरपंचांना विनंती आहे. वेळ मात्र नीट निवडावी लागेल. आता कापणी, मग मळणी, त्यात कोणाला बोलावू नका. पौषात, धान विकून झाल्यावर, पहिली तुकडी घेता येईल. सर्पदंशाच्या प्रथमोपचाराची कार्यशाळा ज्यांच्या मनात आहे त्यांनी ती मृगाच्या आधी घ्यावी, आणि तिच्यातही पहिला तास गावात आज काय करतात याला द्यावा: दोरीने करकचून बांधणं, ब्लेडने चिरणं, मांत्रिकाकडे नेणं. हे सगळं फळ्यावर आल्याशिवाय ‘हातपाय हलू न देता सरळ सरकारी दवाखान्यात’ हे वाक्य कोणाच्या डोक्यात बसणार नाही.

पाण्यासाठी माझ्या मनात सिहोरा, चुल्हाड, बिनाखी आणि चांदपूर ही चार गावं आहेत. गावाला पाच म्हणजे वीस बायका, आणि शिकवायला सहा स्वयंसेवक, प्रत्येक नवा दोन जुन्यांच्या मधे असे. इथले जलसुरक्षक समोर बसलेले आहेत. त्यांच्याकडे आज किती बाटल्या शिल्लक आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, एवढं आपण आत्ताच लिहून घेऊ. प्रार्थनेला अजून अर्धा तास आहे.